मॉनिटर बदलला, माणूस बारीक झाला

मागच्या महिन्यात छातीत धडधडतं म्हणून बायकोनं मला बळजबरीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टेबलावर झोपवलं, छातीला तारा चिकटवल्या आणि म्हणाले, "खुशालभाऊ, दोन मिनिटं शांत पडा." शांत कसा पडणार? समोर त्यांचा नवा कोरा रुंद मॉनिटर, आणि त्यावर कोण्या पेशंटचा फोटो लाटलेल्या पोळीसारखा पसरलेला. मी तारांसकट उठून बसलो. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आधी हे नीट करू द्या, मग माझी धडधड मोजा." बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर हसले, पण माऊस त्यांनी माझ्या हातात दिला. दोन मिनिटांत पेशंटचा चेहरा माणसात आला. त्यानंतर मोजलेलं माझं ब्लडप्रेशर आधीपेक्षा कमी निघालं, हे मी नाही सांगत, त्यांची नर्स सांगते.

हा माझा रोग जुना आहे. बँकेत जातो, तहसीलात जातो, लग्नात नवरदेवाचे फोटो दाखवणाऱ्या टीव्हीसमोर उभा राहतो. माझी नजर आधी चित्र ताणलेलं आहे का ते पाहते, मग बाकीचं जग. ताणलेलं दिसलं की हाताला खाज सुटते. साळ्याच्या मुलीच्या साखरपुड्यात मी टीव्हीचा रिमोट मागितला, तेव्हापासून त्या घरात मला जेवायच्या वेळेलाच बोलावतात.

गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्त करता करता माझी सव्वीस-सत्तावीस वर्षं गेली. दुकान नावालाच. माझी खरी जागा मोटरसायकलवर. आज गोरेगाव, उद्या आमगाव, परवा अर्जुनी मोरगाव. पायाला भिंगरी आणि खिशात वाजता फोन. एका गावात काम करताना दुसऱ्या गावाचा फोन यायचा, आणि पहिलं काम संपायच्या आधीच माझं मन दुसऱ्या गावच्या रस्त्याला लागलेलं असायचं. लोक म्हणायचे, खुशालभाऊ फार चपळ. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. घाईला चपळाई म्हणून खपवत मी अर्धं आयुष्य काढलं, हे आता कळतं.

ज्यांना या कामातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मॉनिटरचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची शेती. आपण बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धानाची रोवणी करतो तशा ठिपक्यांच्या ओळी, आडव्या आणि उभ्या. कोणत्या मॉनिटरात किती ओळी हे कारखान्यातच ठरलेलं. कॉम्प्युटर चित्र पाठवतो तेव्हा त्यालाही सांगावं लागतं, बाबा, तुझ्यापुढची बांधी एवढी एवढी आहे. जुने मॉनिटर जवळपास चौकोनी होते, नवे रुंद आले. मॉनिटर बदलला आणि कॉम्प्युटरला सांगितलंच नाही, तर तो जुन्या चौकोनी बांधीची रोपं नव्या रुंद बांधीत लांब लांब लावतो. रोपं तेवढीच, जागा जास्त. म्हणून सगळंच आडवं ताणतं. गोल बांगडी लंबगोल दिसते, माणूस जाडा दिसतो. हे दुरुस्त करायचं काम दोन मिनिटांचं. पण दोन मिनिटांच्या कामालाही दोन मिनिटं द्यावी लागतात, आणि तीच माझ्याजवळ नसायची.

त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. तुम्ही मॉनिटरचं माप बदललं की कॉम्प्युटर विचारतो, हे बदल ठेवायचे का? आणि पंधरापासून उलटी गिनती सुरू करतो. पंधरा सेकंदांत तुम्ही 'ठेवा' म्हटलं नाही, तर तो आपणहून सगळं पहिल्यासारखं करून टाकतो. कारण माप चुकलं तर पडदा काळा होऊ शकतो, आणि काळ्या पडद्यावर माणूस बटण शोधणार कुठं? म्हणून ही सवलत. ज्यानं कोणी ती सोय केली, त्याला माणसाच्या चुका चांगल्याच माहीत असणार.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. एका सरकारी कचेरीतल्या बाबूंचं चित्र एकदा उलटं झालं. कीबोर्डवर फाईल पडली, तीन बटणं एकदम दाबली गेली आणि पडदा खाली डोकं वर पाय. मी बाहेरगावी होतो, दोन दिवसांनी पोचलो. पाहतो तर बाबूंनी मॉनिटरच उलटा करून, दोन्ही बाजूंना जाडजूड रजिस्टरं लावून उभा केलेला आणि काम झकास सुरू. मी बटण दाबून चित्र सरळ केलं तर ते चिडले. "आता हे उलटं काऊन केलं? चांगलं चालून राहिलं होतं ना!" मग मॉनिटर सरळ करायलाही मीच लागलो.

गोंदियातल्या एका शेठजींना मी ताणलेलं चित्र नीट करून दिलं. जुना प्रोग्राम होता, चौकोनीच चालायचा, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. शेठजी म्हणाले, "अरे भाई, पैसा पूरे टीवी का दिया है, आधे का नहीं. फैलाओ वापस." मी म्हटलं, सेठ, सब मोटे दिखेंगे. ते म्हणाले, "तो दिखने दो, खाते-पीते घर के हैं." मी फैलावून दिलं आणि रस्ताभर हसत आलो. ताणलेलं चित्र तेव्हा माझ्यासाठी हसण्याचीच गोष्ट होती.

मग सौंदडची प्रमिलाताई आली माझ्या आयुष्यात, म्हणजे तिचा मॉनिटर आला.

प्रमिलाताई चाळिशीची बाई. स्टेशनच्या रस्त्याला तिचं एका खोलीचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स कॉम्प्युटरवर तयार करायची आणि छापायला गोंदियाला पाठवायची. आसपासच्या दहा-बारा गावांतलं कोणी जन्मलं, जुळलं की गेलं, त्याचा फोटो आधी तिच्या पडद्यावर यायचा. नवरा आजारपणात गेल्यावर दुकान तिनं एकटीनं उभं केलं होतं. तिची नजर फार पक्की. फोटोतला कान इकडचा तिकडं झाला तरी ती ओळखायची.

दोन वर्षांपूर्वी, पोळा होऊन गेला होता, तिचा जुना चौकोनी मॉनिटर बंद पडला. मी नागपूरहून आणलेला एक वापरलेला रुंद मॉनिटर घेऊन गेलो. जोडला, सुरू केला, चित्र आलं; पण ताणलेलं. तिच्या जुन्या कॉम्प्युटरला हा नवा पाहुणा ओळखताच येत नव्हता. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम टाकावा लागतो, आणि तो माझ्याजवळ त्या दिवशी नव्हता. नेटवरून घ्यायचा तर नेट मरगळलेलं. तेवढ्यात फोन वाजला. अर्जुनी मोरगावात एका शाळेचा कॉम्प्युटर बंद पडला होता.

"ताई, चालते ना आता?" मी बॅग उचलत विचारलं.

"चालते तर हाये, पन पाहा ना भाऊ, मानसं कशी फुगल्यासारखी दिसून राहिली."

"उद्या येऊन टाकून देतो प्रोग्राम."

उद्या मी गेलो नाही. परवाही नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, मी कुठल्याशा दुकानात टेबलाखाली वायरी शोधत होतो. म्हणाली, "भाऊ, कवा येता? गिऱ्हाईक म्हनून राहिले फोटो जाडा दिसते म्हनून."

आणि मी, चोवीस-पंचवीस वर्षं या कामात मुरलेला माणूस, टेबलाखालून म्हणालो, "तुमची नजर चांगली आहे ताई. तोवर फोटो नजरेनं थोडा दाबून बारीक करून घ्या. डोळ्याला बरोबर दिसलं म्हणजे झालं."

हे वाक्य मी विसरूनही गेलो. त्याचा अर्थ काय होतो हे मला टेबलाबाहेर आल्यावर एका मिनिटात कळलं असतं. पण टेबलाबाहेर आल्यावर मी पुढच्या गावाला निघालो.

आठव्या की नवव्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन. आवाज घाबरा. "भाऊ, घोळ झाला. केवळरामबाबाच्या तेरवीचा फ्लेक्स कालच्या गाडीनं आला. माझ्या कॉम्प्युटरवर एकदम बरोबर हाये, अन् छापून वेगळंच आलं. तोंडच बदललं बाबाचं. बाबाचा पोरगा हेमराजभाऊ भांडून गेला, आता परत येऊन राहिला."

मी म्हटलं, "छापणाऱ्यानं गडबड केली असेल. मी येतो." खोटं बोलायचं म्हणून नाही बोललो. तेव्हा मला तसंच वाटलं. पण गोरेगाव ओलांडलं आणि मोटरसायकलवरच ते टेबलाखालचं वाक्य मला आठवलं. डोळ्याला बरोबर दिसलं म्हणजे झालं. पडदा ताणलेला, म्हणजे फोटो जाडा दिसणार. ताईनं तो डोळ्याला बरोबर दिसेपर्यंत दाबला, म्हणजे खरा फोटो बारीक झाला. छापणाऱ्या मशीनला कुठं ताणलेला पडदा असतो? तिनं दिलं तसं त्यानं छापलं. कोहमाऱ्याच्या चौकात मी गाडी उभी केली. चहा सांगितला आणि न पिताच निघालो.

केवळराम कापगते सौंदडपासून जवळच्या एका गावचे. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी बांधलेला तलाव गावाला अजून पाणी देतो, आणि तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचं, कोणाच्या नंतर, हे मरेपर्यंत केवळरामबाबा ठरवायचे. त्यांच्यावर कोणी चिडलं नाही असा उन्हाळी धानाचा हंगाम गेला नसेल, आणि त्यांचा शब्द कोणी मोडला असाही नाही. अंगानं भरदार माणूस, डोळ्यावर गोल काचांचा चष्मा. शेवटचे तीन महिने मात्र पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. मी बाबांना जिवंतपणी कधी पाहिलंच नव्हतं.

दुकानात पोचलो तेव्हा हेमराज आलेला नव्हता. फ्लेक्स मांडवात बांधून झाला होता, कारण पाहुणे यायला लागले होते. पण प्रमिलाताईच्या मोबाईलवर त्याचा फोटो होता. तिनं दाखवला. गाल बसलेले, मान लांब, गोल चष्म्याच्या जागी दोन उभी अंडी. आणि तिच्या पडद्यावर तोच माणूस, भरल्या चेहऱ्याचा, गोल चष्म्याचा. एका नजरेत दोन बाबा.

पेनड्राइव्ह लावला, प्रोग्राम टाकला, कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला. ती फाईल उघडून मापाच्या पानावर गेलो. एवढ्यात मागे मोटरसायकल थांबली आणि हेमराज आत आला. तिशीतला माणूस, डोकं मुंडलेलं, डोळे तांबारलेले.

"ताई, आमच्या बाबाले असं काऊन केलं? आमी फोटो चांगल्या दिवसाचा देल्ला होता ना! बहिनीच्या लग्नातला. कायले देल्ला? कोनाले बिमारी दिसू नये म्हनून! अन् तुमी बिमारच करून ठेवले."

"भाऊ, पाहा ना तुमीच," प्रमिलाताईनं पडद्याकडं बोट केलं. "हे पाहा. माझ्याकडं बरोबर हाये."

हेमराजनं पाहिलं. पडद्यावर बाबा अगदी बरोबर होते. तो जरा नरमला. "मंग छापनाऱ्यानं खराब केलं म्हना."

माझं बोट तोवर बटणावर पडून गेलं होतं. पडदा एकदा काळा झाला आणि परत उजळला. चित्र नीट झालं, म्हणजे खरं झालं, आणि त्याच क्षणी पडद्यावरचे बाबा बारीक झाले. गाल आत, मान लांब, चष्म्याची अंडी. मांडवात होते अगदी तसेच. आणि मधोमध ती चौकट आली: हे बदल ठेवायचे का? पंधरा. चौदा. तेरा.

मला काय करायचं होतं ते स्वच्छ दिसत होतं. 'ठेवा' दाबलं की चूक या खोलीत आली; ताईच्या नजरेत आणि माझ्या कामात. काहीच केलं नाही तर पंधरा सेकंदांत बाबा पुन्हा गुबगुबीत होणार, हेमराज छापणाऱ्याला शिव्या घालत जाणार, आणि संध्याकाळी मी गुपचूप सगळं नीट करून देणार. नऊ. आठ. माझी पाठ हेमराजकडं होती. माझा हात माऊसवर होता आणि तो हलला नाही. मी तो हलवला नाही, असंच लिहायला पाहिजे.

गिनती संपली. पडदा काळा झाला, उजळला. बाबा जाडे झाले.

"हे काय झालं मधात?" हेमराजनं विचारलं.

मी म्हणालो, "टेस्टिंग करून राहिलो."

प्रमिलाताई माझ्याकडं पाहत होती. ती काही शिकलेली इंजिनियर नव्हती. पण ज्या बाईला कानाची जागा चुकलेली कळते तिला त्या पंधरा सेकंदांत सगळं कळलं होतं. मीच तिला दाबून घ्या म्हटलं होतं, हेही तिला आठवत असणार. हेमराजसमोर तिनं माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं. आत्ताही घेतलं नाही. तिनं नुसतं हळूच म्हटलं, "भाऊ, परत करा."

मी परत केलं. बाबा बारीक झाले, चौकट आली, आणि या वेळी मी 'ठेवा' दाबलं. मग खुर्ची फिरवली आणि हेमराजला सांगितलं. ठिपक्यांचं, बांधीचं नाही सांगितलं. एवढंच सांगितलं की मॉनिटर मी लावला, अर्धवट लावला, आणि ताईनं विचारलं तेव्हा नजरेनं दाबून घ्या असं मीच सांगितलं. छापणाऱ्याचा दोष नाही, ताईचा नाही. आपलंच नाणं खोटं निघालं तर दुसऱ्याला काय बोल लावायचा!

मला वाटलं तो हात उचलेल. उचलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं मोबाईल काढून वेळ पाहिली. मग म्हणाला, "आता बोलत नोका बसू. बाराला पंगत हाये. छापून आना."

ताईनं मूळ फोटोवरून पाच मिनिटांत नवी फाईल केली. हातातली एक बांगडी काढून तिनं पडद्यावर बाबांच्या चष्म्याला लावून पाहिली, चित्र लहान-मोठं करून चष्मा बांगडीएवढा आणला आणि गोलाला गोल बसला तेव्हाच मान हलवली. नीट झालेल्या पडद्यावर आता चार-पाच दिवसांचं सगळं काम उघडं पडलं होतं. दोन नवरदेव बारीक, एक सरपंच बारीक, गणपतीसुद्धा बारीक. ती एकेक फाईल उघडून पाहत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "माझी नजर चांगली म्हनत होती मी," ती म्हणाली. मला तिथं उभं राहवेना.

साकोलीला गेलो. तिथलं छापायचं दुकान दहाला उघडलं. मशीन सुरू झालं, शाईचा उग्र वास आला आणि बाबा कपाळापासून खाली सावकाश येऊ लागले. चष्मा बाहेर आला तेव्हा मी खिशातलं नाणं डोळ्यापुढं धरून चष्म्याशी जुळवून पाहिलं, मशीनवाला माझ्याकडं पाहतच राहिला. पण छापून झालं म्हणून गुंडाळता येत नाही. शाई ओली असते, गुंडाळलं की डाग पडतात. मी पंख्याखाली फ्लेक्स धरून उभा. फोन चारदा वाजला, मी पाहिलाही नाही. आयुष्यात इतकं लांब अर्ध्या तासाचं काम मी केलेलं नाही.

गावात पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पंगत बसली होती. मांडवात जुना फ्लेक्स तसाच बांधलेला, त्याला हार, पुढं समई. आणि त्याच्या अगदी समोर जमिनीवर एक बाई मांडीवर तान्हं बाळ घेऊन बसलेली. आधीच येऊन थांबलेल्या प्रमिलाताईनं हळूच सांगितलं, ही बाबांची मुलगी, वनिता. सुरतेला असते. बाळंतपण तोंडावर होतं म्हणून घरच्यांनी बाबांचं दुखणं तिला कळूच दिलं नव्हतं. फोनवर बाबा म्हणायचे, मी ठीक आहे. व्हिडिओवर तोंड दाखवा म्हटलं तर हेमराज म्हणायचा, इथं नेट नाही. बाळ झालं आणि सातव्या दिवशी बाबा गेले. ओली बाळंतीण, तिला मातीला येताच आलं नाही. ती काल संध्याकाळी आली होती.

हेमराजनं नवा फ्लेक्स उलगडला आणि जुन्याच्या दोऱ्या सोडायला हात घातला. तेवढ्यात वनिता बोलली.

"राहू दे तो."

"अवं ताई, तो चुकला हाये. हा बरोबरचा."

"मले समजलं चुकला ते. सकाळी मी म्हटलं, बाबा असे नोव्हते. तर शेजारची बुढी म्हनली, अवं पोरी, शेवटी असेच झाल्ते ना, हाडंच राह्यली होती." तिनं भावाकडं पाहिलं. "हो का रे?"

हेमराजनं हातातली दोरी सोडली.

"तीन मयने मले सांगत राह्यले ठीक हाये, ठीक हाये. सगळ्या गावानं पाह्यलं बाबाले. मीच नाही पाह्यलं." मग ती माझ्याकडं वळली. मी कोण हे तिला कोणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. "भाऊ, मले दोनी पाहिजे. एकच मी पाह्यला होता."

तो दिवसभर मांडवात दोन बाबा शेजारी शेजारी बांधलेले होते. लोक येत, एकदा इकडं पाहत, एकदा तिकडं, आणि दोघांनाही हात जोडत. मला जेवायला बसवलं. तेरवीचं पान टाकून उठायची हिंमत झाली नाही.

लोक ही गोष्ट ऐकून मला म्हणतात, खुशालभाऊ, तुमच्या चुकीनं बरंच झालं की. नाही झालं. त्या पोरीला जे कळलं ते तिला तिच्या भावानं सांगायला पाहिजे होतं. भरल्या मांडवात, माझ्या हलगर्जीपणानं नाही. आणि ते पहिले पंधरा सेकंद मी जाऊ दिले होते, त्याचं काय? त्या चार-पाच दिवसांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडं मी ताईबरोबर गेलो आणि सगळं नव्यानं छापून दिलं. काही जणांना फरक दिसलाच नव्हता. एक नवरदेव म्हणाला, बारीकच ठेवा, बायकोला आवडला. ताईचं दुकान चालू आहे. पण तिच्या टेबलावर आता कायम एक बांगडी असते, आणि मी गेलो की माझ्यादेखत ती पडद्याला लावून पाहते. मी कामाचं बोलत राहतो, तिकडं पाहिलं नाही असं दाखवतो.

त्याच वर्षी धान कापणीनंतर अवेळी ढग आले. मी अर्जुनीकडं निघालो होतो, आणि केवळरामबाबांच्या गावाच्या वळणावर हेमराज एकटा धानाच्या पुंजण्यावर झाकण टाकायला धडपडताना दिसला. आमच्याकडं कापलेल्या धानाचा बांधीत रचलेला ढीग म्हणजे पुंजणं, आणि अवकाळी पावसात त्यावर टाकायला जुन्या फ्लेक्सइतकं चांगलं दुसरं काही नाही. गावातल्या निम्म्या पुंजण्यांवर पुढारी नाहीतर नवरदेव पसरलेले असतात. मी गाडी लावली आणि दुसरं टोक धरलं. फ्लेक्सची पांढरी बाजू वर होती.

"छापलेली बाजू आत काऊन?" मी विचारलं.

"बाबा हायेत," हेमराज म्हणाला. "तुमी आनलेले, जाडवाले. बारीकवाले वनिताताईनं सुरतेले नेले. धानाकडं तोंड राहू द्या म्हटलं, बाहेर पाहून काय करतील, पानीच हाये."

वारा सुटला होता. तो दगड आणायला बांधावर गेला. मी माझ्याकडचा कोपरा उचलला, आत डोकं घातलं. धानाचा वास आणि अर्धवट अंधार. आतून बाबा सगळ्या पुंजण्यावर पसरलेले, चष्मा नेमका माझ्या तोंडाशी. मी अंगठा आणि बोट जोडून कडं केलं आणि त्यावर धरलं. गोल होता. खिशात फोन वाजायला लागला. मी पुन्हा एकदा धरून पाहिलं.